पारा उतरला की

(दृश्य: डिसेंबरची पहाट. निफाड तालुक्यातील द्राक्षबागा. ओळींच्या टोकाला पेटलेल्या शेकोट्या, जमिनीलगत रेंगाळणारा धूर.)

डिसेंबर उजाडला की निफाडचा पारा किती उतरला ही बातमी मराठी वर्तमानपत्रांत ठरलेलीच असते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदलेले तापमान पाच-सहा अंशांवर आले की गव्हाचा शेतकरी निर्धास्त होतो आणि द्राक्षांचा शेतकरी रात्र जागून काढतो. कडाक्याच्या थंडीने मण्यांची फुगवण थांबते, पाणी उतरलेले, म्हणजे पिकायला लागलेले, मणी तडकतात, आणि तडकलेल्या मालाला निर्यातीच्या पेटीत जागा नसते. म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवल्या जातात आणि जमिनीत ऊब राहावी यासाठी पाणी सोडले जाते.

त्याच रात्री दिंडोरी तालुक्यातील चढावरच्या एका बागेत मात्र कोणीही शेकोटी पेटवत नाही. ही बाग वाइनच्या द्राक्षांची आहे आणि ती ज्या कुटुंबाची आहे त्याला ही थंडी हवी असते.

(दृश्य: त्याच पहाटेची दिंडोरीची बाग. उभ्या तारांवर बांधलेले वेल, लहान मण्यांचे घट्ट घड.)

खाण्याच्या द्राक्षाला गोडी आणि आकार असला की बाजारात त्याचे काम होते. वाइनच्या द्राक्षात साखरेइतकेच महत्त्व आम्लाला असते. दिवसा पाने ऊन घेऊन साखर तयार करतात. रात्री वेल श्वसन करतो आणि त्या श्वसनात मण्यातील मॅलिक आम्ल खर्ची पडते. रात्र जितकी उष्ण, तितके हे आम्ल लवकर संपते, आणि मग साखर भरपूर असूनही वाइन बोथट, जड आणि बेचव लागते. रात्री पारा दहा अंशांच्या आसपास राहिला, तर दिवसभराची साखर जमा होते आणि आम्लही टिकून राहते. थंड प्रदेशातील वाइनला जो तजेला असतो, त्याचे मूळ बरेचसे या साध्या हिशेबात आहे.

फ्रान्समधील बर्गंडी किंवा जर्मनीतील मोझेलचे खोरे हे खरे थंड प्रदेश. तेथे हिवाळ्यात वेलाची पाने गळतात, तो महिनोन्महिने झोपतो आणि वसंतात फुटतो. उन्हाळा सरून शरद ऋतू येतो तेव्हा, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, घड पिकतात आणि शेवटच्या आठवड्यांत हवा रोज थोडी थोडी थंड होत जाते. नाशिक विषुववृत्ताच्या उत्तरेला वीस अंशांवर आहे. येथे वेल आपणहून कधी झोपत नाही. त्याला कात्रीने थांबवावे लागते आणि कात्रीनेच जागे करावे लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, तिच्यातून पुढच्या हंगामाच्या काड्या तयार होतात. पावसाळा ओसरताना गोडी छाटणी होते आणि काडीवरचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाईड लावले जाते. या फुटीवर आलेला घड जानेवारी ते मार्चमध्ये पिकतो. म्हणजे नाशिकमध्ये पिकण्याच्या काळात हवा थंड होत जात नाही, ती तापत जाते. बर्गंडीत माल पिकतो तेव्हा थंडी येत असते. दिंडोरीचा शेतकरी थंडी जाण्यापूर्वी माल काढू पाहतो.

कॅलिफोर्नियातील वाइनच्या खोऱ्यावरून नाशिकला ‘भारताची नापा व्हॅली’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. पाहुण्यांना बोलावण्यासाठी हे नाव ठीक आहे, पण बागेत त्याचा काही उपयोग नाही, कारण कॅलिफोर्नियाच्या पुस्तकातील एकही तारीख येथे लागू पडत नाही.

मग छाटणी कधी करायची? या कुटुंबात वर्षातला सर्वांत मोठा वाद याच प्रश्नावर होतो. छाटणीपासून काढणीपर्यंत, वाणानुसार, साधारण चार ते पाच महिने लागतात. सप्टेंबरच्या सुरुवातीला छाटणी केली, तर घड ऐन थंडीत पिकतात आणि आम्ल उत्तम टिकते. पण कोवळी फूट आणि फुलोरा परतीच्या पावसात सापडतो, आणि डाऊनी हा बुरशीचा रोग एका रात्रीत घडच्या घड काळे करून टाकतो. ऑक्टोबर संपेपर्यंत थांबले, तर पावसाचा धोका टळतो. पण घड मार्चमध्ये पिकतात, दुपारचे तापमान पस्तिशीच्या पुढे जाते आणि मार्चची गारपीट वेगळीच. 2014 सालच्या गारपिटीत नाशिकच्या कित्येक बागा काढणीच्या तोंडावर झोडपल्या गेल्या, त्याची आठवण येथे अजून ताजी आहे. या घरात शेवटी तडजोड होते: लवकर पिकणारे शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्याँ ब्लाँ आधी छाटायचे, उशिरा पिकणाऱ्या कॅबर्नेला पुढे ढकलायचे, आणि नेमके कधी हे प्रत्येक वर्षी आभाळ पाहून ठरते.

(दृश्य: शिराझ या लाल वाइनच्या द्राक्षाचा पाणी उतरलेला घड. हातात रसातली साखर मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर.)

बागेची जबाबदारी धाकट्या भावाकडे आहे आणि तळघरातील टाक्यांची थोरल्या भावाच्या पत्नीकडे. त्यांनी सूक्ष्मजीवशास्त्राचे शिक्षण घेतले आहे. फेब्रुवारीत दोघे रोज पहाटे ओळींतून फिरतात. ते वेगवेगळ्या घडांच्या खांद्याचे आणि टोकाचे मणी गोळा करतात, पिशवीतच चुरडतात, रसाचा एक थेंब काचेवर ठेवून उजेडाकडे धरतात. “वहिनी, साखर बावीसवर गेलीय. उद्या माणसं सांगू का?” असे त्यांनी विचारले, की त्या लगेच उत्तर देत नाहीत. त्या एक मणी तोंडात टाकतात, गर गिळतात, साल बराच वेळ चावतात आणि बी तळहातावर काढून पाहतात. बी हिरवट असेल तर तिचा तुरटपणा वाइनमध्ये उतरतो. ती तपकिरी होऊन दाताखाली कुडकुडली पाहिजे. “साखर आली भाऊजी, बी अजून कच्चं आहे. चार दिवस थांबू.” त्या चार दिवसांत ऊन वाढले तर आम्ल घसरणार, हे दोघांनाही ठाऊक असते. मोठ्या कंपनीत असा निर्णय बागेकडून कार्यालयाकडे आणि कार्यालयाकडून ट्रककडे जातो. येथे तो दोन ओळींच्या मध्ये उभ्याउभ्या घेतला जातो, आणि लहान बागेचा खरा फायदा मला तरी एवढाच दिसतो. बाकी सर्व बाबतींत ती तोट्यात असते.

काढणी अंधारातच सुरू होते. पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतून हंगामासाठी आलेल्या टोळ्या डोक्याला दिवे बांधून घड कापतात. ऊन तापण्यापूर्वी शेवटचे क्रेट आत आलेले असते, कारण गरम झालेली द्राक्षे क्रशरमध्ये टाकली की रस तेथेच बिघडू लागतो. आबा, म्हणजे या घरातले सर्वांत वडीलधारे, खुर्ची टाकून क्रेट मोजत बसतात. ते माळकरी आहेत आणि आपल्या घरच्या वाइनचा थेंबही त्यांनी कधी चाखलेला नाही. तरीही कोणती ओळ आधी कापायची हे सांगण्याचा मान त्यांचाच, कारण कोणत्या तुकड्यात मुरूम वर आहे आणि कोणत्या तुकड्यात काळी माती ओल धरून ठेवते, हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नाही.

(दृश्य: स्टीलच्या टाक्या, त्यांच्यावर धरलेले दव, तापमापकाचा आकडा.)

बागेत थंडी फुकट मिळते. तळघरात ती विकत घ्यावी लागते. पांढऱ्या वाइनचा रस चौदा-सोळा अंशांवर संथपणे आंबला, तरच त्यातील फळांचा गंध टिकतो. बाहेर मार्चचे ऊन असताना टाक्यांभोवती थंड पाणी फिरवत राहावे लागते. वीज गेली की जनरेटर, आणि जनरेटर लागला की डिझेल. लाल वाइनचे किण्वन सालींसकट आणि अधिक उष्णतेवर होते. वर तरंगणारा सालींचा थर दिवसातून अनेकदा रसात बुडवावा लागतो, कारण रंग सालीतच असतो आणि तुरटपणाही बराचसा सालीत असतो. थॉम्सन या खाण्याच्या द्राक्षाला जिबरेलिक आम्लात बुडवून मणी लांबट आणि मोठा केला जातो. वाइनच्या मण्याला तो उपचार कधी करत नाहीत. मणी लहान तेवढे रसाच्या मानाने सालीचे प्रमाण अधिक.

पैशाचे गणित मात्र थॉम्सनच्या बाजूचे आहे. खाण्याचा माल बागेतून गेला की त्याचे पैसे त्याच हंगामात हातात येतात. एका बाटलीला साधारण किलोभर द्राक्षे लागतात, पण लाल वाइनची ती बाटली विकायला काढेपर्यंत वर्ष-दीड वर्ष जाते. तोवर वाइन 225 लिटरच्या ओकच्या पिंपात असते आणि पिंप परदेशातून आणावे लागते. 2001 साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, विंचूरला वाइन पार्क उभे राहिले आणि जिल्ह्यात वाइनच्या वेलांची एकच धांदल उडाली. 2008 नंतर मागणी घसरली, टाक्या भरलेल्या राहिल्या आणि अनेकांनी वाइनचे वेल उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली. हे कुटुंब त्यातून तगले, कारण त्यांनी चार एकर थॉम्सन कधी मोडला नव्हता. आजही घर त्यावरच चालते, हे ते पाहुण्यांपासून लपवत नाहीत.

जमीन तुकड्या-तुकड्यांत विभागली गेल्याने चांगली वाइन होणार नाही, असे म्हणणाऱ्यांना बर्गंडीचे उदाहरण द्यावे लागते. तेथील क्लो द वुजो ही एकाच भिंतीच्या आतली सुमारे 50 हेक्टरांची बाग, आणि तिचे मालक ऐंशीच्या घरात. आपल्याकडच्या सातबाऱ्यावरही इतकी नावे क्वचितच सापडतील. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाटण्यांतून आणि विक्रीतून आलेल्या त्या पट्ट्यांवर प्रत्येक घर आपापली वाइन करते. एप्रिलमध्ये उशिराच्या थंडीने दव गोठले, की तेथील शेतकरीही ओळींमध्ये मेणाचे डबे पेटवून रात्र काढतात. निफाडच्या शेकोट्यांचे त्यांना नवल वाटणार नाही.

(दृश्य: पश्चिमेकडील नव्या जमिनीचा चढ. खड्ड्यांच्या ओळी, अंथरलेल्या ठिबकच्या नळ्या.)

आता या कुटुंबाने पश्चिमेकडे, सह्याद्रीच्या अंगाला, दोन एकर जमीन घेतली आहे. ती जुन्या बागेपेक्षा उंचावर आहे आणि तेथील रात्री अधिक गार आहेत. अडचण पावसाची आहे. द्राक्षांचा पट्टा निफाड-दिंडोरीकडे वसला तो पाऊस घाटाकडून पूर्वेला झपाट्याने कमी होतो म्हणूनच, आणि नवी जमीन नेमकी उलट दिशेला आहे. म्हणजे थंडी हवी तर डाऊनीही घ्यावा लागणार. त्यावर उपाय म्हणून ओळी वाऱ्याच्या दिशेने आखल्या आहेत, दोन वेलांतील अंतर वाढवले आहे आणि पहिली दोन वर्षे तेथे फक्त शिराझ लावून पाहायचे ठरले आहे. फेब्रुवारीत खुंटरोपे लावली गेली. ऑगस्टमध्ये त्यांच्यावर कलमे बांधली जातील, आणि वाइन करता येईल असा घड त्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी येईल. तेथे गोडी छाटणी सप्टेंबरमध्ये करायची की ऑक्टोबरमध्ये, यावर दीर-भावजयीचे अजून एकमत झालेले नाही.