चोथा वाढवायचा, पण बेताबेताने

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय जेवणातला चोथा, म्हणजे तंतुमय पदार्थ. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस आहे की रोज २००० कॅलरी खाणाऱ्या माणसाच्या पोटात साधारण ३० ग्रॅम चोथा जावा. आता सकाळी स्टेशनाबाहेर वडापाव, दुपारी भात-आमटी आणि संध्याकाळी चहाबरोबर बिस्किटं, असा दिवस घ्या. पाव मैद्याचा, आणि १०० ग्रॅम मैद्यात चोथा जेमतेम ३ ग्रॅम. पॉलिशच्या तांदळाचंही तेच. ज्वारी, बाजरी, नाचणीत मात्र तो १० ते ११ ग्रॅम असतो. कोंड्यासकट गव्हाच्या पिठातही जवळपास तेवढाच.

म्हणून कणीक बारीक चाळणीने चाळू नका. काडीकचरा काढायचा तर दळणाआधी गहू निवडा. ज्वारीचं पीठ आठवड्यापुरतंच दळून आणा. मुंबईच्या दमट हवेत ते लवकर विरी जातं आणि भाकरी थापताना चिरा पडतात. तसं झालंच तर उकळत्या पाण्यात उकड काढून मळा, भाकरी जमते. बाजरीत तेलाचा अंश जास्त, तिचं पीठ कडू होतं. ते फ्रिजमध्ये ठेवा.

दुसरा भरवशाचा आधार कडधान्यांचा. मटकी, अख्खे मूग, हरभरे यांत १०० ग्रॅममागे १५ ग्रॅम किंवा त्याहून जास्त चोथा असतो, कारण साल शाबूत असते. मटकी ८ तास भिजवा. पाणी फेकून द्या, पुन्हा धुवा, चाळणीत पूर्ण निथळू द्या आणि मग सुती फडक्यात बांधा. १० ते १२ तासांत मोड येतात. पावसाळ्यात मटकी बुळबुळीत होऊन वास मारते, ती निथळण्यात घाई झाल्यामुळे. अशी मटकी टाकूनच द्यावी, शिजवून ती सुधारत नाही. भिजवलेलं पाणी फेकण्याचं कारण वेगळं आहे: वायू धरायला लावणाऱ्या काही शर्करा त्या पाण्यात उतरतात.

हिशेब करून पाहू. दोन पोळ्यांतून ६ ग्रॅम, एका ज्वारीच्या भाकरीतून ५, वाटीभर मटकीच्या उसळीतून साडेचार, वाटीभर गवारीच्या भाजीतून ३, वरण आणि गाजराची कोशिंबीर मिळून ४, आणि एका मध्यम पेरूतून निदान ५. झाले साडेसत्तावीस. पेरू चावून खा, रस काढून गाळला की चोथा चाळणीतच राहतो.

आता खरी अडचण. हे सगळं सोमवारी एकदम सुरू केलं तर बुधवारी पोट फुगतं, आणि माणूस परत पावाकडे वळतो. आतड्यातल्या जिवाणूंना नव्या खाण्याची सवय व्हायला वेळ लागतो. पहिल्या आठवड्यात फक्त एका जेवणातला भात कमी करून भाकरी घ्या. दुसऱ्या आठवड्यात अर्धी वाटी उसळ वाढवा. फळ त्यानंतर. पाणीही वाढवायलाच हवं. चोथा पाणी धरून ठेवतो, म्हणूनच शौचाला मऊ होते. पाणी कमी पडलं तर उलट खडा धरतो. लोकलच्या प्रवासात स्वच्छतागृहाच्या धास्तीने पाणी टाळणाऱ्यांना, विशेषतः बायकांना, हा त्रास जास्त होतो. त्यांनी घरी पोचल्यावर आणि सकाळी निघण्याच्या तासभर आधी ती भर काढावी.

इसबगोल घेणाऱ्यांसाठी: एक चमचा, पूर्ण ग्लासभर पाण्यात, ढवळून लगेच प्यायचं. कोरडं तोंडात टाकलं तर ते घशात फुगून अडकू शकतं. गिळायला त्रास असेल, आतड्याची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा आतडं अरुंद झाल्याचं निदान असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. रोजची औषधं आणि इसबगोल यांत निदान दोन तासांचं अंतर ठेवा.