निसर्ग: ३ जून २०२०

(दृश्य: अरबी समुद्राचं उपग्रहचित्र)

जूनचा पहिला आठवडा. या दिवसांत कोकणातला माणूस समुद्राकडे बघतो तो पावसासाठी. २०२० सालीही मान्सून १ जूनला केरळात पोचला होता. बऱ्याच होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या. हे नशीबच म्हणायचं. कारण तेव्हाच अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र बळावत होतं. २ जूनला त्याचं चक्रीवादळ झालं. बांगलादेशाने सुचवलेलं नाव त्याला मिळालं: निसर्ग.

जूनमध्ये अरबी समुद्रात वादळं होतात. पण त्यांची वाट सहसा वेगळी असते. २००७ सालचं गोनू ओमानवर गेलं, १९९८ सालचं वादळ गुजरातवर. निसर्गला मात्र वरच्या थरांतल्या वाऱ्यांनी ईशान्येकडे वळवलं, थेट रायगडच्या दिशेने. १८९१ पासूनच्या नोंदींमध्ये जून महिन्यात महाराष्ट्राला धडकलेलं इतकं तीव्र वादळ दुसरं नाही. १८८२ च्या जूनमध्ये वादळाने मुंबईत लाखभर माणसं गेली, ही गोष्ट अजूनही सांगितली जाते. संशोधकांना तिचा पुरावा काही सापडलेला नाही.

(दृश्य: मुरूड, श्रीवर्धनचा किनारा)

३ जूनची दुपार. साडेबारा ते अडीचच्या दरम्यान वादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. वृत्तवाहिन्यांचे कॅमेरे मुंबईत रोखलेले होते आणि मुंबई बऱ्यापैकी वाचली. आपल्या गोलार्धात वादळाचा जोर त्याच्या वाटेच्या उजव्या अंगाला जास्त असतो. मुंबई पडली डाव्या अंगाला. उजवीकडे होते दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, आणि खाडीपलीकडे मंडणगड, दापोली. थेट रत्नागिरीला, मिऱ्याच्या किनाऱ्यावर, ‘बसरा स्टार’ नावाचं जहाज येऊन रुतलं. त्यावरचे खलाशी सुखरूप निघाले.

हवामान खात्याचा इशारा वेळेवर आला होता. किनाऱ्यालगतची माणसं हलवली गेली, मृतांचा आकडा एक अंकी राहिला. हे श्रेय द्यायलाच हवं. पण हलवता येतात ती माणसं. कौलं, पत्रे, विजेचे खांब कुठे हलवणार? कोकणातलं घर बांधलेलं असतं पावसासाठी, पाणी झरझर ओघळून जावं म्हणून. छप्पर खालून उचलणारा वारा त्या हिशेबात नव्हता. ओडिशाने १९९९ च्या महावादळानंतर किनाऱ्यावर शेकडो निवारे उभारले. इथे आसरा म्हणजे गावची शाळा, आणि त्या वर्षी बऱ्याच शाळांत मुंबईहून आलेले चाकरमानी विलगीकरणात होते.

वीज गेली, पाठोपाठ फोन गेले. मुंबईतल्या लेकांना आई-वडिलांची खुशाली कळेना. टाळेबंदीमुळे जिल्ह्याची हद्द ओलांडायला पास लागायचा. काही गावांत वीज यायला महिना उलटला.

(दृश्य: आडव्या पडलेल्या पोफळी)

पण खरं नुकसान मोजायचं तर वाडीत शिरायला हवं. श्रीवर्धनचा रोठा, म्हणजे तिथली सुपारी, बाजारात नाव राखून आहे. इथली वाडी मजल्यामजल्यांची. वर माड, खाली पोफळी, पोफळीवर चढलेले मिरवेल, सावलीत जायफळ आणि केळी. माड कोसळला की खालचं सगळं घेऊनच कोसळतो. काही तासांत आजोबांनी लावलेल्या बागांना वरून आभाळ दिसू लागलं.

सरकारने फळबागांची मदत हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजारांवर नेली. ऐकायला मोठी रक्कम. पण इथे वाडी मोजतात गुंठ्यात, आणि हेक्टरात गुंठे शंभर. म्हणजे गुंठ्याला पाचशे रुपये. तेवढ्यात पडलेला माड तोडून वाडीबाहेर काढायची मजुरीही सुटत नाही. ओरड झाली, आणि मग झाडामागे मदत ठरली: माडाला २५० रुपये, पोफळीला ५०.

पोफळीचं रोप लावल्यापासून सुपारी हाती यायला सहा-सात वर्षं जातात. त्या पावसाळ्यात ज्यांनी लगेच रोपं लावली, त्यांचाही पहिला बहर २०२६-२७ च्या आसपासचा. आणि वर्षही पुरं झालं नव्हतं, तोवर २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ याच किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेलं.