टॉर्च आडवा धरला की

(दृश्य : कोल्हापुरात शाहूपुरीतलं एक घर. दिवे बंद. टेबलावर एक कॉमिक, बाजूनं आडवा धरलेला टॉर्च.)

वरून बघितलं तर अंक झकास. टॉर्च आडवा धरला की मात्र सगळं उघडं पडतं. मुखपृष्ठावर मंद लाटा, वरच्या कोपऱ्यात पोचा, आणि पिनेजवळ केसाएवढी एक पांढरी रेघ.

१९८४ चा ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’, अंक २५२. काळ्या पोशाखाचा. नाव न सांगण्याच्या अटीवर मालक बोलायला तयार झाला. कारण साधं आहे : अंकाची किंमत घरात अजून कुणाला ठाऊक नाही.

(दृश्य : भिंतीवरची पुराची खूण. माळ्यावरचा खोका.)

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत शिरलं, तेव्हा हा खोका माळ्यावर होता. पाणी लागलं नाही, ओल लागली. कागद हवेतला दमटपणा पितो, फुगतो, आणि वाळताना वाटेल तसा वाकतो.

असा वाकलेला अंक परत सपाट करायचा, त्याला म्हणतात प्रेसिंग. प्रकार हाच, पण ताब्यात ठेवून केलेला. अंकाला मोजकी आर्द्रता द्यायची, म्हणजे तंतू सैल पडतात. मग सिलिकॉन लावलेल्या कागदांमध्ये ठेवून गरम दाबयंत्रात घालायचा आणि दाबाखालीच गार होऊ द्यायचा. हे यंत्र मुळात फोटो पुठ्ठ्यावर चिकटवण्यासाठीचं. घाईनं बाहेर काढलेला अंक परत वाकतो. खरं कसब गार करण्यात आहे, तापवण्यात नाही.

आईला हे सगळं समजावून झालं. ती म्हणाली, “इस्त्रीच करायची तर परदेशात कशाला धाडतोस? कोपऱ्यावर इस्त्रीवाला हाय की!”

हसू नका. मालकानं स्वतः एकदा घरची इस्त्री फिरवून पाहिली होती, एका स्वस्तातल्या अंकावर. मुखपृष्ठाची चमक वरच्या कागदाला चिकटून आली आणि आतल्या पानांवर पिनांचे ठसे उमटले. तो अंक त्यानं अजून जपून ठेवलाय. आम्हाला दाखवताना मात्र तोंड दुसरीकडं होतं.

(दृश्य : मोबाइलवरचे मेसेज, नावं झाकलेली.)

मग द्यायचा कुणाला? अमेरिकेतली सीजीसी ही कंपनी २००० पासून कॉमिकला दहापैकी गुण देते आणि अंक पारदर्शक डबीत बंद करते. प्रेसिंगसाठी सीसीएस ही तिचीच भगिनी कंपनी. तिथं अंक दाबून झाला की थेट गुणांकनाला जातो, टपालाची एक फेरी वाचते. पण काम कोणाच्या हातून झालं ते कळत नाही, आणि मध्येच थांबवून विचारायची सोय नसते.

दुसरा रस्ता स्वतंत्र कारागिरांचा. यानं दोघांना फोटो पाठवले. पहिल्याचं उत्तर तासाभरात : सगळं जाईल, ९.८ नक्की. दुसऱ्याचं चार दिवसांनी, आणि त्यात उलटे प्रश्नच जास्त. आधी कधी दाबलाय का? पिनांना गंज? बुरशीचा वास? शेवटी एक ओळ : पोचा आणि लाटा जातील, पांढरी रेघ राहील.

रेघेचं त्याचं म्हणणं बरोबर होतं. तिथली शाई फुटली आहे. दाबानं कागद सपाट होतो, उडालेला रंग परत येत नाही. रंग भरला तर ते रिस्टोरेशन. मग सीजीसीचं जांभळं लेबल लागतं आणि भाव पडतो. नुसत्या प्रेसिंगला ते लेबल लागत नाही. तरी विकताना ‘दाबलेला आहे’ हे सांगावं की नाही, यावरून संग्राहकांत वर्षानुवर्षं भांडणं चालू आहेत. आमच्या मते सांगावं. घेणाऱ्यालाही टॉर्च असतोच.

आणि गुण आधीच सांगणारा कारागीर? गुण देणारा तिसराच असतो. दुसऱ्याच्या हातातला निकाल हा कशाच्या जोरावर देतो?

(दृश्य : पिवळी पडलेली इंद्रजाल कॉमिक्स.)

यानं दुसऱ्याला आणखी एक फोटो पाठवला. ‘टाइम्स’नं मार्च १९६४ मध्ये सुरू केलेली इंद्रजाल मालिका १९९० पर्यंत चालली, मराठीतही निघायची. हा अंक वडिलांचा, वेताळाचा, म्हणजे फँटमचा. न्यूजप्रिंट, तपकिरी झालेल्या कडा, गंजलेल्या पिना. उत्तर आलं : हा पाठवू नका. असा कागद उष्णतेनं आणखी ठिसूळ होईल, ओलाव्यानं गंज पसरेल.

पैसे येत असताना नाही म्हणाला. याचा निर्णय तिथंच झाला.

(दृश्य : टपाल कार्यालय. दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधलेलं पार्सल.)

वेताळ पॉलिएस्टरच्या पिशवीत, मागं पुठ्ठा लावून परत कपाटात गेला. स्पायडर-मॅन निघाला. पार्सल टाकायला आईही सोबत आली होती. कस्टमच्या फॉर्मवर ‘वस्तू’समोर यानं ‘जुनं पुस्तक’ लिहिलं. ‘किंमत’ या रकान्यापाशी पेन थांबलं. त्यानं आईकडं बघितलं, मग आमच्याकडं, आणि म्हणाला, “जरा कॅमेरा बंद करता का?”

(पडदा काळा.)