बाल्कनीतली अंबाडी

(दृश्य: जुलैमधली सकाळ. तिसऱ्या मजल्यावरची बाल्कनी. कुंडीतलं झाड, मागे कौलारू छपरं.)

हे झाड आईला पहिल्यांदा व्हिडिओ कॉलवर दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "अंबाडी लावलीस काय रे?"

तिचं काही चुकलं नव्हतं. बोटांसारखी फाकलेली पानं, कडेला करवतीसारखे दाते. अंबाडीचं शास्त्रीय नावच हिबिस्कस कॅनाबिनस आहे, म्हणजे गांजासारख्या पानांची जास्वंद. नाव ठेवणाऱ्याला जे दिसलं तेच नगर जिल्ह्यातल्या माझ्या आईलाही दिसलं.

"अंबाडी नाही गं आई. गांजा आहे."

ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "इथं बांधावर असलं झाड दिसलं तर पोलीस तुझ्या बापाला घेऊन जातील."

खरंच नेतील. भारतात १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गांजाचं झाड लावलं तर १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तुम्ही भारतात असाल तर हा व्हिडिओ फक्त बघा, करून बघू नका. मी राहतो लाइपझिगला. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून सज्ञान माणसाला स्वतःपुरती तीन झाडं घरी लावता येतात, मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी. वाळलेला माल घरात ५० ग्रॅमपर्यंतच ठेवायचा. जास्त निघाला तर नष्ट करायचा, मित्राला फुकटही द्यायचा नाही.

ही ५० ग्रॅमची अट नीट समजून घेतली तेव्हाच मी ठरवलं की तीन नको, एकच झाड लावायचं. आणि तेही बुटकं. मोकळ्या जमिनीत उंच वाढलेलं एक झाड या मर्यादेच्या कितीतरी पुढे जातं. हाताने वाढवलेलं कचऱ्यात टाकायला माझा जीव धजावला नसता.

(दृश्य: पानांचा जवळून फोटो. मग आकाशात उशिरापर्यंत रेंगाळणारा उजेड.)

मला हवी होती सॅटिव्हाच्या वळणाची जात. केरळ, थायलंड, कोलंबिया इथली ही मूळ झाडं उंच, सडपातळ, अरुंद पानांची. दहा-बारा फूट सहज जातात, आणि फुलायला त्यांना घाई नसते. त्याचं कारण रात्रीत आहे. रात्र पुरेशी लांब झाली की हे झाड पानं सोडून फुलांच्या मागे लागतं. आमच्या नगरकडे वर्षातला सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास. लाइपझिगला जूनमध्ये साडेसोळा तास उजेड असतो. केरळचं झाड इथे उन्हाळाभर नुसतं वाढत राहील, सप्टेंबरअखेर त्याला फुलायची आठवण होईल, आणि फूल भरायला लागणारे तीन-चार महिने पुरे होण्याआधीच थंडी त्याला मारून टाकेल.

हिंदुकुशच्या डोंगरातली झाडं, ज्यांना इंडिका म्हणतात, याच्या नेमकी उलट. बुटकी, रुंद पानांची, आठेक आठवड्यांत फूल भरणारी. दोन्हींचा संकर झाला म्हणून आज हे झाड माझ्या कमरेएवढ्या उंचीवर थांबलं आहे. कॅलिफोर्नियात १९७० च्या दशकात हेझ नावाचं वाण तयार झालं. त्यात मेक्सिको, कोलंबिया, थायलंड आणि दक्षिण भारत अशा चार ठिकाणचं रक्त असल्याचं सांगतात. पुढच्या दशकात हॉलंडमधल्या लोकांनी त्याला बुटक्या झाडांशी जुळवलं. माझ्या बियांच्या पाकिटावर ७० टक्के सॅटिव्हा असं लिहिलं होतं. म्हणजे दक्षिण भारतातल्या कुठल्यातरी परसातला एक अंश या ११ लिटरच्या कुंडीत आहे, असं मी मानतो. मला त्याचं फार अप्रूप वाटतं.

मे महिन्यात बी रुजलं. पाचवं पेर आलं तेव्हा मी शेंडा खुडला. आपल्याकडे तुरीचा खुडतात तसाच, आणि त्याच कारणासाठी. शेंडा गेला की बाजूच्या फांद्या जोर धरतात. मग जुन्या सुती साडीच्या पट्ट्यांनी एकेक फांदी आडवी वाकवून कुंडीच्या काठाला बांधली. झाड छत्रीसारखं पसरलं, आणि शेजाऱ्यांच्या कठड्याच्या वर एकदाही डोकावलं नाही.

नर झाड शोधून उपटण्याची पाळी माझ्यावर आली नाही. हल्ली मादी झाडावर चांदीच्या क्षाराचं पाणी मारून तिलाच पराग धरायला लावतात, आणि त्या परागातून होणारी बी जवळजवळ सगळी मादीच निघते. पण हे ज्ञान आजचं नाही. इंग्रजांनी १८९३ साली नेमलेल्या गांजा आयोगाच्या अहवालात आजच्या बांगलादेशातल्या नौगावचं वर्णन आहे. तिथे पोद्दार किंवा परखदार नावाचा जाणकार शेतात बोलावत. लोक त्याला गांजाचा डॉक्टर म्हणत. तो ओळींमधून चालत फुलायच्या आधीच नर ओळखायचा आणि मोडून टाकायचा, म्हणजे मादीला बी धरत नाही आणि राळ वाढते. बिनबियांच्या गांजाचं श्रेय अमेरिकेला देणाऱ्यांनी या माणसाची आठवण ठेवावी.

(दृश्य: सप्टेंबर. ओला कठडा. एका तुऱ्यावर राखाडी डाग.)

सप्टेंबरात चार दिवस झड लागली. पाचव्या दिवशी सकाळी मधल्या तुऱ्यातलं एक पान पिवळं दिसलं, ओढलं तर अलगद हातात आलं. तुरा उकलला तर आत राखाडी बुरशी, उंदराच्या लवेसारखी. तो अख्खा तुरा देठापासून कापून फेकला. बाकीचे वाचले, कारण सॅटिव्हाचे तुरे विरळ असतात आणि त्यांच्यातून वारा खेळतो.

त्याच आठवड्यात आईने फोन फिरवून मला तिची खरीखुरी अंबाडी दाखवली. बाजरीच्या कडेने लावलेली. पहिलं फूल आलं होतं, फिकट पिवळं, मधे गडद लाल. अंबाडीसुद्धा रात्र मोजूनच फुलते. २२ सप्टेंबरच्या आसपासचे ते दिवस, तिच्याकडची रात्र आणि माझ्याकडची रात्र अगदी सारखी झाली होती.

(दृश्य: भिंगाखालचा तुरा.)

काढणीचा दिवस भिंगातून ठरतो. तुऱ्यावर काचेच्या टाचण्यांसारख्या बारीक ग्रंथी असतात. आधी पारदर्शक, मग दुधाळ, मग मधाच्या रंगाच्या. बहुतेक दुधाळ झाल्या तेव्हा मी झाड कापलं. अंधाऱ्या खोलीत दहा दिवस उलटं टांगलं. बारीक काडी वाकण्याऐवजी कट् करून मोडली तेव्हा तुरे काचेच्या बरणीत भरले, आणि पुढचे तीन आठवडे रोज झाकण उघडून हवा दिली. आधी वास कापलेल्या गवताचा होता. मग एक दिवस झाकण उघडलं आणि कैरी देठापासून तोडताना उडणाऱ्या चिकाचा वास आला. ३८ ग्रॅम भरला.

दुकानदार सांगतात, सॅटिव्हाने तरतरी येते आणि इंडिकाने सुस्ती. मला ते पटत नाही. ही नावं झाडाचा बांधा सांगतात, तुऱ्यातली रसायनं नाही. काय आणि किती चढेल ते टीएचसीचं, म्हणजे नशा आणणाऱ्या रसायनाचं प्रमाण, घेतलेली मात्रा आणि तुमचं शरीर ठरवतं. कच्च्या तुऱ्यात तर टीएचसी नावापुरतंच असतं. तिथे असतं त्याचं आम्ल, आणि उष्णता लागली की त्याचं टीएचसी होतं. मी तंबाखू मिसळत नाही, धूरही करत नाही. वाफेच्या यंत्रात हरभऱ्याएवढा तुकडा, १८५ अंशांवर. शनिवारी, घरी, दुसऱ्या दिवशी गाडी चालवायची नसेल तरच. कोवळ्या वयाच्या मुलांनी आणि घरात मनोविकाराचा इतिहास असलेल्यांनी याच्या वाटेला जाऊ नये, हे मी अगदी मनापासून सांगतो.

(दृश्य: नोव्हेंबरची संध्याकाळ. खिडकीच्या काचेवर पाऊस.)

दोन झुरके. दहा मिनिटांनी तंबोऱ्याच्या चार तारा वेगवेगळ्या ऐकू येतात. आजवर मी त्यांना एकच आवाज समजत होतो. मारव्याचा आलाप चालू आहे. बाहेर रिकाम्या कुंडीत पाणी साचतंय, आणि काठाला साडीची एक पट्टी अजून बांधलेली आहे.

बरणी मी कुलपात ठेवतो. वहीत लिहितो, ३४ ग्रॅम शिल्लक.