गाडी घाटात गरम होते तेव्हा : आधी बिघाड शोधा, मग पार्ट घ्या

नमस्कार मंडळी. आज गाडीच्या इंजिनाबद्दल बोलायचंय. गाडी गरम होते, मिसिंग मारते म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नाही, सकाळी सेल्फच उचलत नाही, असल्या रोजच्या तक्रारी. आणि माझं सांगणं एकच आहे, आधी नेमकं काय बिघडलंय ते शोधा आणि मग दुकानात जाऊन पार्ट मागा, कारण आपल्याकडं बरोब्बर उलटं चाललेलं असतं. गाडी गरम झाली की कुणीतरी सांगतं रेडिएटर बदल, रेडिएटर बदलला तरी गरमच, मग फॅन मोटर, मग वॉटर पंप, आणि एवढे हजारो रुपये घालून झाल्यावर कळतं की रेडिएटरचं झाकण खराब होतं, काही शे रुपयांचं. कष्टाचा पैसा असतो हो तो, असा गेलेला बघवत नाही.

आपल्या सातारा भागात गरम होण्याची तक्रार जास्त, म्हणून तिच्यावरच जरा निवांत बोलतो. पुण्याकडनं साताऱ्याला येताना खंबाटकीच्या घाटात सुट्टीच्या दिवशी, त्यात मे महिना असला तर, बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या गाड्या वर्षानुवर्षं दिसत आल्यात. तीच गत वाईवरनं पाचगणीला चढताना पसरणी घाटात. पहिल्या-दुसऱ्या गिअरमधे इंजिन जोर लावतंय, वेग नाही म्हणून समोरनं वारा लागत नाही, वर एसी चालू, गाडी माणसांनी आणि सामानानं भरलेली. बिघाड आधीचाच असतो, घाटात तो उघडा पडतो इतकंच.

काटा वर जायला लागला की पहिल्यांदा एसी बंद करा आणि हीटर फुल चालू करा, उकडेल, पण इंजिनातली उष्णता तेवढी बाहेर पडते. आणि सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्या. हल्ली बऱ्याच गाड्यांना काटाच नसतो, नुसता दिवा असतो, थंड असताना निळा आणि गरम झाल्यावर लाल, तर लाल दिवा आला की इंजिन बंद, वर गेल्यावर बघू असं म्हणायचंच नाही. आणि कृपा करून इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, आत दाबाखाली उकळतं कुलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी असतं, तोंडावर-हातावर उडून माणसं भाजलेली आहेत. अर्धा-पाऊण तास थांबा, रेडिएटरच्या वरच्या होज पाईपला हात लावता आला पाहिजे, मगच झाकण. आणि तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतायचं नाही, हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, तडा जाऊ शकतो.

आता बिघाड शोधायचा तर स्वतःला एक प्रश्न विचारा, गाडी गरम नेमकी कधी होते? पोवई नाक्यावर ट्रॅफिकमधे उभी असताना गरम होते आणि हायवेला लागली की काटा खाली येतो, तर संशय फॅनवर. इंजिन चालू ठेवून एसी लावा, बहुतेक गाड्यांत फॅन लगेच फिरला पाहिजे. फिरला नाही तर आधी फ्यूज बघा, मग रिले, म्हणजे फॅनला करंट सोडणारा छोटा स्विच, तसलाच दुसरा रिले बॉक्समधे असतो तो काढून तिथं लावून बघता येतो, मग फॅन मोटरला थेट करंट देऊन बघायचा. मोटर फिरली म्हणजे मोटर चांगली, दोष वायरिंगमधे नाहीतर टेम्परेचर सेन्सरमधे. एवढं बघायला मिस्त्रीला फार वेळ लागत नाही, तरी न बघता मोटर बदलली जाते.

उलट गावात ठीक आणि घाटात नाहीतर हायवेला स्पीडला गरम, तर कुलंट फिरण्यात अडचण आहे नाहीतर रेडिएटर चोंदलाय. आतनं गंजानं चोंदतो, वर्षानुवर्षं बोअरचं क्षारवालं पाणी घातलं की होतंच ते, आणि आपल्या ऊसपट्ट्यात बाहेरनंपण चोंदतो. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॉल्यांच्या मागं गाडी चालवून चालवून पाचटाचा भुसा, धूळ, किडे असं सगळं एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत जाऊन बसतं, समोरनं बघितलं तर काहीच दिसत नाही, वरनं टॉर्च मारून बघायला लागतं. हलक्या प्रेशरच्या पाण्यानं आतल्या बाजूनं बाहेर असं धुवा, जोराच्या प्रेशरनं नको, नाजूक पत्र्या वाकतात.

मग थर्मोस्टॅट. हा इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधली कुलंटची वाट उघड-बंद करणारा छोटा व्हॉल्व, आत मेण असतं, गरम झालं की मेण फुगतं आणि व्हॉल्व उघडतो. अडकून बंदच राहिला तर इंजिन तापून काटा वर गेला तरी रेडिएटरचा निदान खालचा होज गारच. तपासायचा कसा, तर काढून घ्या, त्याच्यावर आकडा कोरलेला असतो, 82 किंवा 88 असा, म्हणजे उघडायचं तापमान अंश सेल्सिअसमधे, जुन्या पातेल्यात पाणी घेऊन दोऱ्याला टांगून सोडा, बुडाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर आणि खाली गॅस. त्या आकड्याच्या आसपास मधली चकती हळूहळू उचलायला लागली पाहिजे आणि पाणी उकळायच्या आत चांगली उघडली पाहिजे. नाही उघडली तर नवीन घ्या.

पण आपल्याकडं एक वाईट पद्धत पडलीये, थर्मोस्टॅट काढून टाकायचा आणि तसंच बंद करायचं, घाटात गरम होणार नाही म्हणे. मला हे अजिबात पटत नाही. मग इंजिन नीट गरमच होत नाही, गाडीतल्या कॉम्प्युटरला वाटतं अजून थंडच आहे, तो पेट्रोल जास्त सोडतो, ॲव्हरेज पडतं, इंजिनाची झीज वाढते, आणि नव्या गाडीत चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनरवर, म्हणजे त्या कॉम्प्युटरमधला बिघाड वाचायच्या यंत्रावर, पी 0128 कोड येतो. कंपनीनं तो उगाच बसवलेला नाही.

आणि ते झाकण. कुकरची शिट्टी जे काम करते तेच हे करतं, त्याच्यावर 0.9 किंवा 1.1 असा दाबाचा आकडा (बारमधे) असतो. दाब वाढला की उकळायचं तापमान वाढतं. पाचगणी साधारण 1300 मीटर उंचीवर आहे, तिथं उघड्या भांड्यात पाणी 95-96 अंशालाच उकळतं, आणि इंजिन तर चालतंच 90 च्या आसपास, म्हणजे झाकणानं दाब धरला नाही तर वर पोचेपर्यंत उकळ्या फुटायला वेळ लागत नाही. त्यातलं रबर कडक झालंय का, चिरलंय का ते बघा. दुसरी खूण, रात्रभर थांबलेल्या गाडीचा वरचा होज सकाळी चपटा होऊन आत गेलेला दिसला तर झाकणातला छोटा उलटा व्हॉल्व चिकटलाय, बाटलीतलं कुलंट परत आत ओढलं जात नाहीये. नवीन झाकण आकडा बघून तेवढ्याच दाबाचं घ्यायचं, जास्त दाबाचं चांगलं असं काही नसतं.

कुलंट कुठंच गळत नाही पण रोज कमी होतंय, बाटलीत बुडबुडे येतायत, सायलेन्सरमधनं गोडसर वासाचा पांढरा धूर, ऑइल डिपस्टिकला चहाच्या रंगाचा फेस, यातलं एक-दोन जरी दिसलं तरी हेड पॅकिंग, म्हणजे हेड आणि इंजिन यांच्या मधलं पॅकिंग, गेल्याचा संशय घ्या आणि गाडी तशीच चालवू नका, टोचन करून न्या. हेड उतरवलं की लेथवाल्याकडं सपाटी तपासून घ्यायचीच, वाकडेपणा मिलिमीटरच्या शतांशात चालतो फक्त, आणि ज्या गाड्यांचे हेड बोल्ट एकदा ताणले की परत वापरायचे नसतात तिथं बोल्टपण नवीन. हे वाचवलं की तेच पॅकिंग परत जातं.

आता मिसिंग. सिग्नलला उभं राहिलं की गाडी थरथरते, पिकअप नाही, चेक इंजिनचा दिवा लागतो. दिवा नुसता लागला तर दोन दिवसात दाखवा, पण लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधे जाऊन तो जळतो आणि तो पार्ट फार महाग. स्कॅनर लावला की पी 0302 असा कोड येतो, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमधे मिसिंग. यात कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीचा करंट देणारा पार्ट, गेली असं कुठंही लिहिलेलं नाही! प्लग असेल, कॉइल असेल, इंजेक्टर असेल, वायर असेल, कॉम्प्रेशन असेल. म्हणून दोन नंबरची कॉइल काढून तीन नंबरला लावा, तीनची दोनला, कोड पुसा आणि गाडी फिरवून आणा. कोड आता 0303 आला तर कॉइलच खराब, 0302 च राहिला तर कॉइलचे पैसे वाचले, मग हाच खेळ प्लगचा. प्लगचं टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक, कोरडं काळं असेल तर पेट्रोल जास्त येतंय, ऑइलनं ओलं असेल तर दुखणं खोल आहे. प्लगच्या खड्ड्यातच ऑइल साठलेलं असेल तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदला, नवीन कॉइल त्या ऑइलमधे परत खराब होणार.

आणि गाडी शेताकडेला, गोठ्याशेजारी लावत असाल तर आधी वायरिंग बघा. उंदीर! ऊस तुटला की शेतातले उंदीर घराकडं वळतात आणि गरम इंजिनाजवळ जाऊन बसतात, कॉइल-इंजेक्टरच्या वायरी कुरतडतात. एक वायर जोडायचं काम, आणि त्यासाठी कॉइलचा अख्खा सेट बदलल्याचं मी बघितलंय.

सकाळी सेल्फ उचलत नाही त्यांच्यासाठी बॅटरीचं थोडक्यात. मल्टिमीटर लावा, गाडी रात्रभर बंद असताना 12.6 च्या आसपास व्होल्ट, चालू केल्यावर साधारण 13.8 ते 14.4. चालू करूनही वर जात नसेल तर दोष बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामोकडं शोधा, नवीन बॅटरीपण चार दिवसात बसेल.

शेवटी पार्ट घ्यायचा. दुकानदाराला नुसतं गाडीचं नाव सांगू नका, चेसिस नंबर सांगा, एकाच मॉडेलमधे वर्षाप्रमाणं पार्ट बदलतात. जुना पार्ट सोबत न्या, शेजारी ठेवून बघा. एअर फिल्टर, वायपर, बल्ब चांगल्या कंपनीचे बाहेरचे चालतील, पण थर्मोस्टॅट, वॉटर पंप, टायमिंग बेल्ट, हेड पॅकिंग यात माझ्या मते ओरिजिनलच, कारण तिथं पार्टपेक्षा मजुरी जास्त आणि फसला तर सगळं परत उघडा. पक्कं बिल घ्या आणि काढलेला पार्ट गॅरेजवाल्याकडनं मागून घ्या, आपला हक्क आहे तो. कुलंटचं काम केलं असेल तर हीटर चालू ठेवून आतली हवा काढलीये ना ते विचारा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन गार असताना बाटलीतली लेव्हल बघा, खाली गेलेली असेल तर भरा आणि अजून दोन सकाळी बघत राहा, त्यानंतरही उतरत असेल तर गाडी परत दाखवायला न्या. नमस्कार.