रीडनं दिलेला आकडा

न्यू जर्सीतलं मरे हिल. १९६९ साली इथल्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा पाया घातला. १९७३ मध्ये युनिक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, सी भाषेत नव्यानं लिहिला गेला. ओपन, रीड, राइट, क्लोज ही फाइल हाताळायची त्यांची रीत आजही लिनक्समध्ये आणि आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्ये चालू आहे.

ओपन म्हटलं की कर्नल फाइल आपल्या हातात देत नाही, फक्त एक छोटा आकडा देतो. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर बिल्ला मिळतो ना, तसा. बहुतेक वेळा तो ३ असतो, कारण ०, १ आणि २ आधीच लागलेले असतात: इनपुट, आउटपुट आणि चुकांचे संदेश.

आता पडद्यावरची ही फाइल बघा. १०,००० बाइटची. हिची प्रत करायची आहे, म्हणून ४०९६ बाइटचा बफर, म्हणजे वाचलेलं तात्पुरतं ठेवायची मेमरीतली जागा, घेतलाय. पहिला रीड ४०९६ परत करतो, म्हणजे इतके बाइट वाचले. दुसराही ४०९६. तिसरा म्हणतो १८०८. चौथा ०, म्हणजे फाइल संपली.

नवशिक्याचा हात तिसऱ्या फेरीत चुकतो. रीडनं सांगितलेला आकडा न बघताच तो राइटला पुन्हा ४०९६ सांगून टाकतो. बफरमध्ये पुढे नवे १८०८ बाइट आहेत, पण त्यांच्या मागे आधीच्या फेरीतले २२८८ बाइट तसेच पडून आहेत. तेही प्रतीत उतरतात. प्रत भरते १२,२८८ बाइटची, आणि कंपायलर, म्हणजे आपला कोड यंत्राच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम, चकार शब्द काढत नाही. सी शिकवताना ओपनच्या खालोखाल हा परत येणारा आकडाच शिकवावा, असं मला मनापासून वाटतं.

राइटचंही तसंच. डिस्क भरत आली असेल तर १८०८ पैकी हजारच घेईल. उरलेले पुन्हा आपणच द्यायचे. जागाच उरली नसेल, तर हाती येतो उणे १, म्हणजे काम फसलं.

आणि पूर्ण १८०८ घेतले, तरी ते डिस्कवर पोचलेच असं नाही. बरेचदा ते अजून कर्नलकडे, मेमरीतच असतात. त्या क्षणी वीज गेली, तर गेले. मजकूर जपायचाच असेल, तर क्लोजच्या आधी एफसिंक करायचं, म्हणजे मजकूर डिस्कवर उतरवायला कर्नलला सांगायचं, आणि तो ० घेऊन परत येईपर्यंत थांबायचं.