मुंग्या काढताना ठिपके जपायचे

मंडळी, सोलापूरकरांना डाळिंब सांगायला नको. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्रच आपल्या केगावला आहे. तर एक डाळिंब न सोलता घ्या, धारदार सुरीने त्याच्या पातळ आडव्या चकत्या करा आणि दाणे मोजा. चकतीगणिक मोजून बेरीज केलीत तर हिशेब चुकलाच, कारण एकच दाणा दोन-तीन चकत्यांत कापला गेलाय. त्यातून दाणे एकमेकांना असे खेटून बसलेले, की मधला पांढरा पापुद्रा शोधल्याशिवाय एक कुठे संपला ते कळत नाही. मी पेशींची केंद्रकं मोजतो तेव्हा माझ्यापुढे हेच कोडं असतं.

आमची सुरी मात्र प्रकाशाची. अमेरिकी शास्त्रज्ञ मार्विन मिन्स्की यांनी १९५७ साली कन्फोकल मायक्रोस्कोपच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यातली युक्ती अशी: बारीक छिद्र ठेवायचं, नजर असलेल्या पातळीवरचा प्रकाश आत घ्यायचा, वरखालचा अडवायचा. मग अर्धा-एक मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सरकत चित्रं घेत जायचं. ती एकावर एक रचली की पेशींचा अख्खा ठोकळा संगणकात उभा राहतो.

जुन्या टीव्हीवर अँटेना हलला की मुंग्या यायच्या, आठवतं? तशा मुंग्या या चित्रांतही असतात, आणि चांगलं यंत्र घेतलं म्हणून त्या जात नाहीत. प्रकाश कणाकणाने येतो. एका बिंदूवर सरासरी १०० कण येत असतील तर कधी ९० येतात, कधी ११०. सरासरी ९ च असेल तर कधी ६, कधी १२. म्हणजे उजेड कमी तसा भरवसाही कमी. मग उजेड वाढवा की, असं तुम्ही म्हणाल. वाढवला की पेशीत घातलेला चमकणारा रंग विझतो आणि जिवंत पेशी भाजून निघते. गर्भ वाढताना रात्रभर बघायचा असेल तर आधी तो जगला पाहिजे ना! म्हणून मंद उजेडात चित्र घ्यायचं आणि मुंग्या मागाहून संगणकाने काढायच्या.

इथेच माझा हात पोळला आहे. सुरुवातीच्या काळात मी मीडियन फिल्टर लावत असे. प्रत्येक बिंदूभोवतीचा ३×३×३ चा ठोकळा घ्यायचा, त्यातले २७ आकडे चढत्या क्रमाने लावायचे आणि मधला ठेवायचा. एकुलती मुंगी त्यात हमखास मरते. पण आम्ही शोधत होतो ते प्रथिनांचे ठिपके जेमतेम दोन बिंदू रुंद होते. २७ मध्ये ते ८, म्हणजे अल्पमतात. चित्र काचेसारखं स्वच्छ झालं, ठिपके गेले, आणि आठवडाभर मी त्या पेशींत काहीच नाही असं समजत राहिलो.

आताच्या पद्धती जास्त हुशार आहेत. २०१९ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या संशोधकांनी नॉईज-टू-व्हॉइड नावाची पद्धत मांडली. चादर विणणाऱ्याला ती चटकन पटेल. नक्षीतला एक टाका झाकला तरी आजूबाजूच्या धाग्यांवरून त्याचा रंग तो सांगेल. तसंच संगणकापुढे एक बिंदू झाकायचा आणि शेजाऱ्यांवरून ओळखायला लावायचं. पेशीला नक्षी असते, ती ओळखता येते. मुंगीला नसते, म्हणून ती गळते. स्वच्छ नमुना आधी दाखवावा लागत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं, कारण असा नमुना बहुतेकदा मिळतच नाही.

पण आजार म्हणजे पुष्कळदा नक्षीतला बिघाडच असतो. नक्षी पाठ झालेला संगणक तो बिघाड मुंगी समजून दुरुस्त करून टाकू शकतो. विद्यार्थ्यांनो, एवढ्यासाठी मूळ फाईल कधीही पुसू नका, आणि मोजणीचा आकडा सांगताना कुठली चाळण लावली तेही सांगा.

घरी पीठ चाळल्यावर आई चाळणीतला कोंडा बघायची, त्यात पीठ तर जात नाही ना म्हणून. मी आता तेच करतो. मूळ चित्रातून साफ केलेलं चित्र वजा करायचं आणि उरलेलं बघायचं. नुसत्या मुंग्या उरल्या तर ठीक. आठवडा वाया गेल्यावर मी पहिल्यांदा ही वजाबाकी केली, तेव्हा आमचे ठिपके पेशीच्या कडेकडेने, लागोपाठच्या दोन चकत्यांत, एकाच जागी बसलेले दिसले.